आधी थांबायला शिका

मोटारसायकलीला आपले जुने लोक फटफटी म्हणत. नाव पडले ते तिच्या आवाजावरून. त्या काळी गावात एखादीच फटफटी असायची. ती आली की पोरे मागे धावायची, कुत्री भुंकायची. आता कोल्हापूर जिल्ह्यात गाडी घरोघर झाली आहे. पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर न्यायचे, ते गाडीवरून. शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलला कारखान्यात पाळीवर जायचे, तेही गाडीवरून. म्हशीला उसाच्या वाड्यांचा भारा आणायचा, तोसुद्धा गाडीवरूनच.

गाडी ही मोठी सोय आहे. आम्ही गाडीच्या विरुद्ध नाही. पण होते काय? नवी गाडी दारात येते. तिला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. आणि घरचा तरुण गडी तिच्यावर बसून सुसाट सुटतो. दोन दिवसांत त्याला क्लच समजतो, गिअर समजतो. तिसऱ्या दिवशी तो म्हणतो, "मला गाडी येतीया."

आम्ही त्याला एकच विचारतो, "बाबा रे, तुला गाडी पळवता येते हे दिसलं. थांबवता येते का?"

गाडी पळते ती इंजिनाच्या जोरावर. ती वेळेवर थांबते ती चालवणाऱ्याच्या सवयीवर. ही सवय दोन दिवसांत अंगी येत नाही. म्हणून नव्या माणसाने पळवण्याच्या आधी थांबायला शिकावे. कसे, ते आता पाहू.

वेग म्हणजे किती खोल विहीर?

काट्यावर ४० चा आकडा दिसतो. ४० म्हणजे काही फार नव्हे, असे वाटते. पण जरा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने माणूस भिंतीवर आदळला, तर त्याला बसणारा मार २० फूट उंचीवरून पडल्याएवढा असतो. वेग ६० असेल तर सुमारे ४५ फुटांवरून पडल्याएवढा. वेग ८० असेल तर ८० फुटांवरून.

आता मळ्यातली विहीर डोळ्यांपुढे आणा. पाणी आटलेले आहे, तळाला खडक आहे. खोली ४५ फूट. तिच्या काठाशी पोर गेले तर आपण धावत जाऊन त्याचे मनगट धरतो. तेच पोर ६० च्या वेगाने रस्त्यावर गेले, तर आपण कौतुकाने बघत राहतो. धोका दोन्हीकडे सारखाच आहे. विहिरीचा धोका डोळ्यांना दिसतो, वेगाचा दिसत नाही, एवढाच फरक.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. ४० चे ८० झाले म्हणजे वेग दुप्पट झाला. पण २० फुटांचे ८० फूट झाले. म्हणजे मार चौपट झाला. वेग थोडा वाढतो, मार पुष्कळ वाढतो.

पावले मोजा

समोर म्हैस आडवी आली. तुम्ही ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबते का? नाही. आधी डोळ्यांना म्हैस दिसते, मग मनाला कळते, मग हात आणि पाय हलतात. यात सुमारे एक सेकंद जातो. ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर जाते. एवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. त्यानंतर ब्रेक लागतो, आणि गाडी आणखी काही अंतर जाऊन थांबते.

कोरडा, चांगला डांबरी रस्ता असेल आणि ब्रेक नीट असतील, तर एकूण अंतर साधारण असे पडते. २० च्या वेगाने १०-१२ पावले. ४० च्या वेगाने २८ पावले. ६० च्या वेगाने ५३ पावले. ओल्या रस्त्यावर ते पुष्कळ वाढते. नव्या माणसाचे आणखी वाढते, कारण तो घाबरतो आणि ब्रेक उशिरा धरतो.

हे नुसते वाचून सोडू नका. एखाद्या दिवशी गावच्या रस्त्यावर कडेने ५३ पावले चालून बघा. मागे वळून किती लांब आलो ते पाहा. तेवढ्या अंतरात एखादे पोर चेंडूमागे आले, तर तुमची गाडी थांबणार नाही. मग गल्लीत वेग किती असावा, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

ब्रेक दोन असतात

मोटारसायकलीला दोन ब्रेक असतात. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा, उजव्या पायाचा मागच्या चाकाचा. पुष्कळ लोक फक्त पायाचा ब्रेक वापरतात. "पुढचा दाबला की गाडी पलटी हुती," असे ते म्हणतात. हा अर्धवट समज आहे.

भरलेली बैलगाडी उताराला लागली की सगळा भार पुढे येतो आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. मोटारसायकलीचेही तसेच आहे. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो. ज्या चाकावर भार, त्याची रस्त्यावरची पकड घट्ट. म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर मागचे हलके झालेले चाक घसरते आणि गाडी लवकर थांबतही नाही.

मग पुढच्या ब्रेकने लोक पडतात ते का? एक तर ते झटक्याने दाबतात. नाहीतर हँडल वळलेले असताना दाबतात. नाहीतर वाळूवर, चिखलावर दाबतात. तेव्हा ध्यानात ठेवा. हँडल सरळ धरावे. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत. आणि पुढचा ब्रेक म्हशीची धार काढताना आचळ दाबतो तसा आधी हळू, मग जोर वाढवत दाबावा. झटका दिला तर म्हैस लाथ मारते, आणि गाडीही.

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत याची थोडी सोय केली आहे. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. मोठ्या गाड्यांत चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असते, तिला एबीएस म्हणतात. पण या सोयी चालवणाऱ्याला मदत करतात, त्याच्या बदली गाडी चालवीत नाहीत.

पहिला महिना कसा काढावा

आधी कागद. गिअरच्या मोटारसायकलीसाठी वय १८ पूर्ण लागते. प्रथम शिकाऊ परवाना काढायचा. त्याची परीक्षा मराठीतून देता येते. त्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा एजंटाच्या भरवशावर राहू नका. प्रश्न स्वतः वाचा, उत्तर स्वतः द्या. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर लावायचे. मागे कोणाला बसवायचे नाही. शिकवणारा बसला तर चालतो.

सरकारने मध्ये हे ३० दिवस ठेवले आहेत ते शिकण्यासाठी. ते वाया घालवू नका.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकला, वळवा, स्टँडवर लावा. गाडीचे वजन क्विंटलाहून जास्त असते. ते कुठे झुकते, हे हाताला कळू द्या. मग सुट्टीच्या दिवशी शाळेचे मैदान किंवा कापणी झालेले सपाट रान गाठा. तिथे चुन्याची एक रेघ मारा. २० च्या वेगाने या आणि रेघेवर थांबा. दहा वेळा जमले की ३० च्या वेगाने या. रेघ ओलांडली तर पुन्हा २० वर जा. रेघेवर थांबणे सवयीचे झाले म्हणजे मग गावचा रस्ता, आणि गावचा रस्ता जमला म्हणजे मग मोठा रस्ता.

नजर कुठे ठेवावी? नांगर धरणारा गडी फाळाकडे बघत बसला तर तास वाकडे जाते. तो समोरच्या बांधाकडे बघतो, तेव्हा तास सरळ येते. गाडीचेही तसेच. चाकापुढच्या खड्ड्याकडे टक लावली तर गाडी नेमकी खड्ड्यातच जाते. नजर लांब ठेवा, जिकडे जायचे तिकडे ठेवा.

रस्त्याच्या पाट्यांनाही एक बाराखडी आहे. त्रिकोणी पाटी म्हणते, सावध राहा. लाल कडेची गोल पाटी म्हणते, हे करू नका. निळी गोल पाटी म्हणते, हे केलेच पाहिजे. आठ कोनांची लाल पाटी म्हणते, थांबा. निळी चौकोनी पाटी माहिती सांगते. ही बाराखडी घरातल्या सगळ्यांनी शिकावी.

डोक्याला कवच

झाडावरून नारळ पडतो, पण सहसा फुटत नाही. कारण त्याच्यावर काथ्याचे जाड वेष्टण असते. तोच नारळ सोलून दगडावर टाका, लगेच फुटतो. माणसाचे डोके सोललेल्या नारळासारखे आहे. हेल्मेट हा त्याचा काथ्या. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा थर असतो. आदळल्यावर तो स्वतः चेपतो आणि डोक्यापर्यंत जाणारा मार कमी करतो.

सैन्यात हेल्मेट कसे आले, त्याची गोष्ट ऐका. इंग्लंडात लॉरेन्स नावाचा प्रसिद्ध सैनिक होता. १९३५ साली तो मोटारसायकलीवरून जात होता. समोर सायकलीवरची दोन मुले दिसली. त्यांना वाचवायला गेला आणि पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. काही दिवसांनी तो वारला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत केर्न्स नावाचे मेंदूचे डॉक्टर होते. ते मरण त्यांच्या मनाला लागले. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणारे किती स्वार असे मरतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली तो छापला. त्याच साली ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. पुढे जगभरच्या पुष्कळ अभ्यासांची बेरीज करून तज्ज्ञांनी सांगितले की, हेल्मेटमुळे मरणाचा धोका शेकडा ४२ नी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका शेकडा ६९ नी कमी होतो.

आपल्या देशाचे आकडे वाचून जीव हळहळतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली शंभरात जवळजवळ पंचेचाळीस दुचाकीवरची होती. आणि ज्यांनी हेल्मेट घातले नव्हते, अशी ५०,०२९ माणसे गेली. एवढ्या घरांत त्या वर्षी दिवाळी झाली नाही.

लोक म्हणतात, "हितनं हितं तर जायाचं हाय, हेल्मेट कशाला?" पण रस्ता लांब आहे की जवळ, हे डांबराला माहीत नसते. घरापासून डेअरीपर्यंतही म्हैस आडवी येतेच.

हेल्मेट घेताना त्यावर आयएसआयचा शिक्का बघा. १ जून २०२१ पासून शिक्का नसलेले हेल्मेट विकायला बंदी आहे. डोक्यावर घट्ट बसते ना, ते बघा. हनुवटीचा पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी उडून जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थर चेपलेला असतो. लग्नात फेटा बांधा, तो मानाचा. पण वऱ्हाडाला गाडीवरून जाताना हेल्मेट घाला आणि फेटा मांडवात बांधा.

ऊस, पाऊस आणि घाट

आपल्या मुलखाचे रस्ते कसे आहेत, हे आपल्यालाच माहीत हवे.

साधारण दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मग महिनोन् महिने रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. पाल्यामुळे मागचा दिवा झाकतो, कधी दिवाच नसतो. बिघडलेली ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी असते. म्हणून रात्री आपल्या दिव्याचा उजेड जिथवर पडतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबेल, इतकाच वेग ठेवा. मघाची ५३ पावले इथे आठवा. समोरून डोळे दिपवणारा उजेड आला तर वेग कमी करा आणि रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघा. दोन ट्रॉल्यांना ओलांडायला वाटते त्याहून जास्त रस्ता लागतो. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला तरच पुढे जा. नाहीतर मागे राहा. कारखान्याचा भोंगा काही तुमच्यासाठी वाजत नाही.

शेतातून आलेल्या चाकांची माती डांबरावर पडते. तिच्यावर पाऊस पडला की रस्ता शेवाळासारखा निसरडा होतो. वळवाच्या पहिल्या सरीत तेल आणि धूळ मिसळून तेच होते. अशा वेळी वेग निम्मा करा. पावसाळ्यात आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा तर दर पावसाळ्यात बातमीत असतो. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. पाण्याखाली कड दिसत नाही, आणि वाहते पाणी चाक ओढते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात महामार्गसुद्धा बंद पडला होता. पुरापुढे हट्ट चालत नाही. दोन कोसांचा वळसा परवडला.

आंबा घाट, करूळ घाट, फोंडा घाट, जोतिबाचा डोंगर, पन्हाळा, या उतारांवर काही लोक पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात किंवा इंजिन बंद करतात. असे कधीही करू नये. उतारावर बैल जसे गाडी मागे रेटून धरतात, तसे गिअरमध्ये असलेले इंजिन गाडी धरून ठेवते. बैल सोडले तर गाडीचे काय होईल? सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. म्हणून उताराला खालच्या गिअरमध्ये उतरा.

गावची वाट महामार्गाला मिळते तिथे पूर्ण थांबा, पाय टेका, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघा. लांबचा ट्रक वाटतो त्याहून लवकर येतो. थोडा वळसा वाचवायला महामार्गावर उलट्या बाजूने जाऊ नका. रात्रभर शेताला पाणी पाजून डोळे तारवटले असतील तर गाडी काढू नका, दोन तास झोपा. आणि दारूचा एक पेलाही घेतला असेल तर गाडीची चावी घरच्या बाईच्या हाती द्या.

मागे बसणारी माणसे

कायद्याने मागे एकच माणूस बसवता येतो. त्यालाही हेल्मेट हवे. चार वर्षांवरच्या मुलालाही हवे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लागते, आणि वेग ४० च्या पुढे न्यायचा नाही, असा नियम २०२२ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. लेकराला पुढे टाकीवर बसवणे हे लाड नव्हेत. गाडी थांबली की ते सर्वांत आधी हँडलवर आदळते.

बायकांचा पदर, पोरींची ओढणी, म्हाताऱ्यांच्या धोतराचा सोगा चाकात अडकतो. निघण्याआधी मागे वळून पाहा आणि विचारा, "पदर खोचला का?" मागच्या चाकावर जाळी असते. ती काढून टाकू नका. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असले की गाडी थांबायला जास्त अंतर लागते, हेही विसरू नका.

पोराच्या हाती चावी

हा भाग घरातल्या बापांनी आणि आयांनी दोनदा वाचावा. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली आणि त्यात गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. परवाना नसलेल्या हातून कोणी दगावले, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका चावीपायी रान विकायची पाळी येते.

पोर रुसते. रुसू द्या. रुसलेल्या पोराची समजूत घालता येते.

पडलेल्याला हात द्या

रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर बघत उभे राहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. ११२ लाही करता येतो. वाहतुकीला हात करून थांबवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड त्यावर दाबून धरा. जखमीला ओढू नका, मान हलवू नका. कोल्हापुरात मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपण त्याला सीपीआर म्हणतो. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याने नाव सांगितलेच पाहिजे असे नाही, आणि साक्षीदार होण्याची सक्ती नाही. "उगीच पोलिसांचं लचांड," या भीतीने कोणाचा जीव जाऊ देऊ नका.

आता काय करायचे?

मंडळी, हा धडा वाचून पुस्तक मिटू नका. घरात ज्याच्याकडे गाडी आहे, त्याला जवळ बसवा आणि विहिरीचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवा. मग त्याला घेऊन मैदानावर जा. चुन्याची रेघ मारा. तो ४० च्या वेगाने येऊ दे. रेघेपाशी पोचला की तुम्ही हात वर करा, आणि तिथून किती पावलांवर गाडी थांबली ते मोजा. २८ च्या पुढे गेली तर त्याला सांगा, "अजून गाडी येत नाही बाळा, आणखी शीक." तो हसेल. पण दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरताना त्याचा हात आपोआप ब्रेककडे जाईल.